अपस्फीत नीलांच्या उपचारानंतरची ध्वनिपरीक्षा : पाटोदा तालुक्याच्या संदर्भात

पायांतील त्वचेखालच्या नीला फुगून व वेड्यावाकड्या होऊन वर दिसू लागतात, त्या विकारास वैद्यकीय परिभाषेत अपस्फीत नीला असे म्हणतात. नीलांतील झडपा निकामी झाल्या म्हणजे हृदयाकडे चढावयाचे रक्त खाली परतते आणि घोट्याभोवती त्याचा दाब साचून राहतो. यातूनच पुढे सूज, काळवंडलेली त्वचा व अखेरीस न भरणारा व्रण उद्भवतो. या विकाराचा उपचार जांघेत छेद घेऊन व सॅफेनस नीला ओढून काढून करण्याची पद्धत दीर्घकाळ रूढ होती. गेल्या पाव शतकात तिची जागा बऱ्याच अंशी नव्या उपायांनी घेतली आहे. त्यांत नीलेत बारीक नलिका घालून लेसरने किंवा रेडिओ-लहरींनी तिची भित्ती तापविली जाते, अथवा औषधाचा फेस सोडून ती आतून बंद केली जाते. नीला शरीरातच राहते. ती खरोखर बंद झाली की नाही, हे डोळ्यांस दिसत नाही. श्राव्यातीत ध्वनीने केलेली परीक्षा, जिला व्यवहारात डॉपलर सोनोग्राफी म्हणतात, तीच येथे साक्षीदार ठरते. ही परीक्षा केव्हा करावी व कोणत्या प्रश्नाचे उत्तर तिने द्यावे, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

एकाच नावाखाली दोन भिन्न परीक्षा वावरतात, हे प्रथम ध्यानात घेतले पाहिजे. पहिली परीक्षा सुरक्षिततेची. उष्णतेने भित्ती भाजली की नीलेची पोकळी सुजेने व थोड्याशा गुठळीने भरते. हे अपेक्षितच असते. परंतु जांघेत सॅफेनस नीला मांडीतील खोल नीलेस मिळते आणि या संगमापलीकडे गुठळी सरकली तर धोका संभवतो. म्हणूनच नलिकेचे टोक संगमापासून दोन ते अडीच सेंटिमीटर अलीकडे ठेवण्याचा प्रघात आहे. असे असूनही क्वचित गुठळी पुढे डोकावतेच. अशा उष्णताजन्य गुठळीचे चार वर्ग मानले जातात. पहिल्या वर्गात गुठळी संगमापर्यंतच असते. दुसऱ्यात ती खोल नीलेत शिरते, पण निम्म्याहून कमी पोकळी व्यापते. तिसऱ्यात निम्म्याहून अधिक व्यापते आणि चौथ्यात खोल नीला पूर्णपणे अडते. पहिल्या वर्गास उपचार लागत नाही. दुसऱ्यात सामान्यतः आठवड्याच्या अंतराने पुन्हा पाहत राहणे पुरते. तिसऱ्यात रक्त गोठू न देणारी औषधे दिली जातात, आणि चौथ्या वर्गाचा उपचार खोल नीलेतील कोणत्याही गुठळीप्रमाणेच होतो.

हे वाचल्यावर प्रत्येक रुग्णास आठवड्याच्या आत पुन्हा बोलावून तपासावे असे वाटणे स्वाभाविक आहे, आणि अनेक वर्षे तसेच केले जात होते. तथापि आकडे निराळे सांगतात. सुमारे १६,००० रुग्णांच्या निरीक्षणांचे एकत्रित परीक्षण २०१८ साली प्रसिद्ध झाले. त्यात दुसऱ्या ते चौथ्या वर्गांच्या गुठळ्या शेकडा १.४, खोल नीलेतील इतर गुठळ्या शेकडा ०.३ व फुप्फुसातील अंतर्कीलन शेकडा ०.१ इतके आढळले. आढळलेल्या गुठळ्यांपैकी बहुतेक दुसऱ्या वर्गाच्या, म्हणजे बहुधा आपोआप मागे हटणाऱ्या असतात. या विचाराने अमेरिकेतील रक्तवाहिनी-शल्यविशारदांच्या संघटनांनी २०२३ साली असा निर्णय दिला की, ज्यास कोणताही त्रास नाही व ज्याचा धोका सर्वसाधारण आहे, अशा रुग्णाची उष्णतोपचारानंतर सरसकट लवकर परीक्षा करू नये. ज्यास पूर्वी गुठळी झाली आहे किंवा ज्याच्या रक्तात गोठण्याची विशेष प्रवृत्ती आहे, अशांची मात्र ती करावी. आणि लक्षणे असतील तर अवश्य व तत्काळ करावी.

दुसरी परीक्षा यशाची. बंद झालेली नीला काही महिन्यांत तंतुमय होऊन दोरीसारखी आकसते व पुढे शोधूनही सापडेनाशी होते. वर्षानंतरच्या अहवालात नीला दिसत नाही असे लिहिलेले आढळले, तर ते परीक्षकाचे अपयश नसून उपचाराचे यश होय. नीला पुन्हा उघडली तर ते बहुधा पहिल्या वर्षातच कळून येते, आणि फेसाने बंद केलेल्या नीलांत हे अधिक घडते. ब्रिटनमध्ये ७९८ रुग्णांवर झालेल्या व २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या तुलनेत पाच वर्षांनंतरचे जीवनमान फेसापेक्षा लेसर व शस्त्रक्रिया यांच्या बाजूस चांगले दिसले. परंतु पडद्यावर थोडा प्रतिप्रवाह दिसला म्हणजे रुग्ण आजारी आहे असे होत नाही. ज्याचा पाय दुखत नाही, सुजत नाही, त्याच्या अहवालातील एका ओळीसाठी पुन्हा नलिका घालणे हे रोगाऐवजी चित्रावर उपचार करण्यासारखे आहे.

आता पाटोद्याकडे वळू. बालाघाटाच्या पठारावरील, मांजरेच्या उगमाचा हा तालुका कमी पावसाचा आहे. येथील व शेजारच्या तालुक्यांतील असंख्य कुटुंबे मुकादमाकडून उचल घेऊन दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीस जातात आणि हंगाम संपल्यावर, उन्हाळ्यात परततात. पती-पत्नीचा मिळून एक कोयता. दिवसभर उभ्याने वा वाकून तोड करावयाची आणि मोळी डोक्यावर घेऊन गाडीपर्यंत न्यावयाची. दीर्घकाळ उभे राहण्याचा व या विकाराचा संबंध सर्वमान्य आहे. अशा माणसास आठवड्याने, तीन महिन्यांनी व वर्षाने या, असे छापील पत्रक देणे सोपे आहे. पण तीन महिन्यांनी तो सांगली-कोल्हापूरकडील एखाद्या फडात असेल, आणि एका खाड्याची किंमत त्याच्या उचलीतून वजा होईल.

परीक्षा कोठे व कशी होते, हाही प्रश्न गौण नव्हे. गर्भ वा पोट पाहण्यासाठी वापरली जाणारी कमी वारंवारतेची वक्र शलाका येथे पुरेशी पडत नाही. वरवरच्या नीलांसाठी सपाट मुखाची, अधिक वारंवारतेची शलाका लागते. रुग्णास उभे करून त्या पायावरचा भार कमी करण्यास सांगावे, पोटरी हाताने दाबून सोडावी, आणि रक्त किती वेळ उलटे वाहते ते मोजावे. वरच्या नीलांत अर्ध्या सेकंदाहून अधिक उलटा प्रवाह दोषयुक्त मानला जातो. निजलेल्या रुग्णात हा दोष सहज निसटतो. गुठळी शोधण्याची रीत मात्र वेगळी आहे. शलाकेने दाब दिला असता निरोगी नीला चपटी होते, गुठळी असलेली होत नाही. ही साधी कसोटी आडवे निजवूनही घेता येते, व तिच्यासाठी तज्ज्ञ मोठ्या शहरातूनच यावा लागतो असे नाही.

यंत्र उचलून फडावर किंवा तांड्यावर न्यावे, अशी सूचना कोणी करील. बीड जिल्ह्यात ती विशेष अवघड आहे, आणि कारण गंभीर आहे. २०११ च्या जनगणनेत या जिल्ह्यात सहा वर्षांखालील दर हजार मुलांमागे ८०७ मुलीच आढळल्या. गर्भलिंगनिदानास प्रतिबंध करणाऱ्या १९९४ च्या कायद्यान्वये प्रत्येक ध्वनियंत्राची नोंदणी आवश्यक आहे. २०१२ च्या नियमांनुसार फिरते यंत्र नोंदणीकृत जागेतील दाखल रुग्णांसाठी किंवा इतर सेवाही देणाऱ्या फिरत्या वैद्यकीय पथकाचा भाग म्हणूनच वापरता येते. यंत्राचा उपयोग पायासाठी होणार म्हणून नियम शिथिल होत नाही, व तो होऊही नये, असे प्रस्तुत लेखकास वाटते. तेव्हा यंत्र रुग्णाकडे जाणार नाही. रुग्णानेच बीडला, किंवा जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकास आंबेजोगाईच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात, जावयाचे आहे. म्हणून त्याची एकही फेरी वाया जाता कामा नये.

यावरून वेळापत्रकाची दिशा ठरते. उपचार शक्यतो ज्येष्ठ-आषाढात करावा. म्हणजे धोका अधिक असलेल्यांची पहिली परीक्षा आठवड्यात होऊ शकेल, व फेसाचा उपचार झालेल्यांना भाद्रपदात, निघण्यापूर्वी एकदा पाहता येईल. दसऱ्याच्या तोंडावर नीला बंद करून रुग्णास लागलीच ट्रकच्या दीर्घ प्रवासास बसविणे टाळावे, कारण तासन्‌तास पाय न हलविता बसणे हे स्वतःच गुठळीस आमंत्रण देते. त्रास नसलेल्या इतरांना केवळ नियम म्हणून बोलावू नये.

व्रण असलेल्यांचे मात्र निराळे आहे. ब्रिटनमध्येच ४५० रुग्णांवर झालेल्या व २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात पट्टीबंधनासोबत नीलेचा उपचार लवकर केलेल्यांचे व्रण मध्यमानाने ५६ दिवसांत, उशिरा केलेल्यांचे ८२ दिवसांत भरले. अशा रुग्णाने हंगामाची वाट पाहू नये. उपचारानंतरही व्रण भरत नसेल, तर कोणती नीला अजून उलटी वाहते हे शोधण्यासाठी ध्वनिपरीक्षा पुन्हा केलीच पाहिजे. तेथे तिच्या उत्तरावर पुढचा उपचार अवलंबून असतो.

प्रत्येकाच्या हाती मराठीत लिहिलेली एक चिठ्ठी द्यावी. कोणता पाय, कोणती नीला, कोणत्या तारखेस व कशाने बंद केली, आणि परीक्षा झाली असल्यास संगमापाशी काय दिसले, एवढे तीत असावे. तिच्या मागच्या बाजूस ठळक अक्षरांत लिहावे : एकच पाय एकाएकी सुजला, पोटरी घट्ट होऊन दुखू लागली, किंवा दम लागून छातीत कळ आली, तर पाटोद्यास परतण्याची वाट न पाहता त्याच दिवशी जवळच्या रुग्णालयात जाऊन ही चिठ्ठी दाखवावी. ती वाचता न येणाऱ्यांसाठी हाच मजकूर जोडीदारास व शक्य तर मुकादमासही तोंडी सांगून ठेवावा.