टीव्हीचं ठीक, पण कॅमेऱ्याचं काय?

मॅचच्या दिवशी गंगापूर रोडच्या कुठल्याही कॅफेत डोकावा. दहा टेबलं, वीस मोबाइल आणि सगळ्यांवर तीच मॅच! १९ नोव्हेंबर २०२३ ची वर्ल्ड कप फायनल तर हॉटस्टारवर एका वेळी तब्बल ५.९ कोटी लोक बघत होते. आपण हरलो ते सोडा, पण एवढा लोड झेपला कसा?

फंडा सिंपल आहे. कोथिंबिरीच्या एका जुडीसाठी आपण पंचवटीच्या मार्केट यार्डात जातो का? नाही. कोपऱ्यावरच्या भाजीवाल्या मावशी आहेत ना! कंटेंट डिलिव्हरी नेटवर्क, म्हणजेच सीडीएन, या नेटवरच्या मावशी. व्हिडिओची कॉपी आपल्या जवळच्या सर्व्हरवर ठेवायची आणि तिथूनच वाटायची. एमआयटीच्या टॉम लेटन आणि डॅनियल लेविन यांनी १९९८ मध्ये याच आयडियावर अकामाई ही कंपनी काढली. नेटफ्लिक्स तर सिनेमांनी भरलेले सर्व्हर मोठ्या इंटरनेट कंपन्यांना फुकट देतं.

मला टेन्शन आहे ते वेगळंच. आता नेटवर फक्त आपण नसतो. सोसायटीचा सीसीटीव्ही, दारावरची स्मार्ट बेल, हातातला फिटनेस बँड, द्राक्षबागेतला ओलावा मोजणारा सेन्सर... ही मंडळी नुसती ऐकत नाहीत, सारखी बोलतात! मॅच सगळ्यांना एकच हवी, म्हणून तिची कॉपी कामी येते. माझ्या दारातल्या कॅमेऱ्याचं चित्र माझ्याशिवाय कुणाला हवंय? त्याची कॉपी ठेवून उपयोग काय? शिवाय इथे माल उलट्या दिशेने, घरातून बाहेर जातो.

त्यावरचा उपायही नाशिककरांना पटेल असाच आहे. द्राक्षं आपण निवडून, खराब मणी काढूनच पुढे पाठवतो. तसंच डेटाचं. रिकाम्या जिन्याचं चित्र तासन् तास दूरच्या सर्व्हरला कशाला पाठवायचं? कुणी आलं तरच कळवा! ही निवड जवळच्या सर्व्हरवर किंवा खुद्द कॅमेऱ्यातच करायची, याला म्हणतात एज कम्प्युटिंग. सीडीएन कंपन्या आता आपल्या सर्व्हरवर असे प्रोग्रॅमही चालवू देतात.

पण खरी गोची पुढे आहे. २०१६ मध्ये मिराई नावाच्या व्हायरसने कंपनीचेच पासवर्ड ठेवलेले कॅमेरे आणि डीव्हीआर ताब्यात घेतले. सप्टेंबरमध्ये ब्रायन क्रेब्ज या पत्रकाराच्या साइटवर असा मारा झाला, की तिला फुकट संरक्षण देणाऱ्या अकामाईनेही हात टेकले. २१ ऑक्टोबरला डिन या कंपनीवर हल्ला झाला आणि अमेरिकेत अनेकांना ट्विटर, नेटफ्लिक्स उघडेना. कुणाच्या तरी घरातल्या साध्या कॅमेऱ्यांनी हे केलं!

आपल्याकडे २०२७ हे सिंहस्थाचं वर्ष. घरबसल्या लाइव्ह दर्शन घेणाऱ्यांची सोय मावशी करतील, कारण चित्र सगळ्यांना एकच. पण गोदाकाठचे लाखो मोबाइल वर पाठवणार ते फोटो, गर्दीवर नजर ठेवणारे कॅमेरे? त्यांना वाट मिळायला हवी. गर्दी वाढल्याचा इशारा दहा मिनिटांनी पोचून चालणार नाही.

सर्व्हरचं कंपन्या बघतील. आपल्या हातात दोन गोष्टी आहेत. कॅमेरा आणि राउटरचा पासवर्ड बदला, अपडेट आलं की टाळू नका. आणि सोसायटीच्या पुढच्या मीटिंगला सेक्रेटरींना विचाराच, ‘काका, आपल्या सीसीटीव्हीचा पासवर्ड कधी बदलला होता?’