घरच्या संगणकाचे इंटरनेट बंद पडल्यास दोष कसा शोधावा?

ग्रामीण भागात आता अनेक घरी संगणक आले असून फायबरची, म्हणजे काचेच्या तंतूची, तार पुष्कळ गावांपर्यंत पोहोचली आहे. ग्रामपंचायतींना या तारेने जोडण्याच्या योजनेस केंद्र सरकारने २०११ साली मान्यता दिली. तीच योजना पुढे भारतनेट या नावाने ओळखली जाऊ लागली. सात-बाराचा उतारा, बाजार समितीतील भाव, निरनिराळ्या योजनांचे व पीकविम्याचे अर्ज ही कामे त्यामुळे घरबसल्या होऊ शकतात.

परंतु खरीप पीकविम्याची मुदत सामान्यतः जुलैअखेर असते आणि वीज जाणे, फांदी पडून तार तुटणे, चर खणताना तार कापली जाणे हे प्रकारही त्याच दिवसांत अधिक होतात. अशा वेळी दुरुस्तीसाठी येणाऱ्या माणसाची वाट पाहण्यात दोनचार दिवस जातात व अखेरीस दोष एका सैल प्लगचा निघतो. तोवर मुदत टळली तर त्या हंगामाचे विमासंरक्षण हातचे जाते. यास्तव दोष कोठे आहे हे ओळखण्याची साधी रीत प्रत्येकाने शिकून घेणे अगत्याचे आहे.

दोष शोधण्याचे तत्त्व

ठिबक संचातून शेवटच्या झाडास पाणी मिळत नसेल तर कोणी लगेच विहीर खोल करावयास घेत नाही. पंप चालू आहे काय, गाळणी तुंबली आहे काय, मुख्य नळीत पाणी आहे काय, असे टप्प्याटप्प्याने पाहिले जाते. इंटरनेटचेही तसेच आहे. संगणक, त्यास राउटरशी जोडणारी तार किंवा वायफाय, राउटर, घराबाहेरील फायबर, कंपनीचे केंद्र व शेवटी ज्या संकेतस्थळावर काम आहे ते संकेतस्थळ, अशी ही साखळी असते. यांपैकी कोणती कडी तुटली आहे ते प्रथम ठरवावे व मगच उपाय करावा. एका वेळी एकच बदल करावा; अनेक गोष्टी एकदम बदलल्यास मूळ दोष कळत नाही आणि नवा दोष मात्र निर्माण होतो.

प्रथम विचारावयाचे तीन प्रश्न

१. एकच संकेतस्थळ बंद आहे की सर्व? दोनतीन निराळी संकेतस्थळे उघडून पाहावीत. इतर उघडत असतील तर आपल्या घरी दोष नाही. मुदतीच्या अखेरच्या दिवसांत गर्दीमुळे शासकीय संकेतस्थळे मंदावतात. अशा वेळी पहाटे किंवा रात्री उशिरा प्रयत्न करावा.

२. एकच यंत्र बंद आहे की सर्व? मोबाईलचा स्वतःचा डेटा बंद करून तो घरच्या वायफायवर चालवून पाहावा. मोबाईल चालत असेल तर दोष संगणकात आहे; तोही चालत नसेल तर दोष बहुधा राउटरमध्ये किंवा त्याच्या पलीकडे आहे.

३. शेजाऱ्याकडेही त्याच कंपनीची जोडणी बंद आहे काय? तसे असल्यास दोष बाहेरील तारेत किंवा केंद्रात समजावा.

राउटरवरील दिवे काय सांगतात?

कंपनीने बसविलेल्या पेटीवरील दिवे वाचता आले की निम्मे काम झाले. एकही दिवा लागत नसेल तर वीज, बटन व अॅडॅप्टर तपासावा. ‘एल. ओ. एस.’ हा दिवा तांबडा लागला असेल तर पेटीपर्यंत पुरेसा प्रकाश पोहोचत नाही असा त्याचा अर्थ. तार तुटली, मुडपली किंवा तिची जोडणी सैल झाली असावी. ‘पॉन’ हा दिवा स्थिर असेल तर फायबर ठीक आहे. तो सतत लुकलुकत असेल तर पेटी केंद्राशी जोडली जाण्याचा प्रयत्न करीत आहे. फायबर ठीक असून ‘इंटरनेट’चा दिवा लागत नसेल तर मुदतीचे पैसे भरावयाचे राहिले आहेत काय हे आधी पाहावे. पैसे भरलेले असतील तर कंपनीने दिलेले नाव व परवलीचा शब्द पेटीतून पुसला गेला असण्याचा संभव असतो.

फायबरमधील काचेचा तंतू केसाएवढा, म्हणजे १२५ मायक्रॉन व्यासाचा असतो. त्यास तीव्र मोड पडल्यास प्रकाश बाहेर निसटतो. म्हणून तार खिळ्यावर गुंडाळू नये, दाराच्या फटीत दाबू नये. ३० मिलिमीटरपेक्षा कमी त्रिज्येचा बाक देऊ नये. तारेच्या उघड्या टोकात डोळा लावून पाहणे सर्वथा टाळावे. त्यातील प्रकाश दिसत नाही, परंतु डोळ्यास अपायकारक ठरू शकतो. तुटलेला तंतू जोडणे हे कंपनीच्या माणसाचेच काम होय.

घरातील दोष व उपाय

सर्वप्रथम पेटीची वीज बंद करून एक मिनिट थांबावे, नंतर ती पुन्हा चालू करून पाच मिनिटे वाट पाहावी. संगणकही बंद करून पुन्हा सुरू करावा. अनेक तात्पुरते दोष एवढ्यानेच नाहीसे होतात. मात्र पेटीच्या मागील बारीक भोकातील रिसेटचे बटन टाचणीने दाबू नये; त्यामुळे कंपनीने भरलेली सर्व माहिती पुसली जाते व माणूस बोलावण्यावाचून गत्यंतर राहत नाही.

संगणक तारेने जोडलेला असेल तर ती दोन्ही टोकांस ‘टक्’ असा आवाज येईपर्यंत बसवावी. या तारेत आठ बारीक तारा असतात. त्यांतील एखादी उंदराने कुरतडली तरी जोडणी बंद पडते किंवा मंदावते. शक्य तर दुसरी तार लावून पाहावी.

वायफाय दगडी भिंतीतून फार क्षीण होते. लोखंडी कपाट व पत्रा तर ते अडवितातच. पेटी घराच्या मध्यभागी, उंच व मोकळ्या जागी ठेवावी. वायफायचे दोन पट्टे असतात. २.४ गिगाहर्ट्‌झचा दूरवर व भिंतीपलीकडे पोहोचतो. ५ गिगाहर्ट्‌झचा अधिक वेगवान, पण जवळच उपयोगी पडतो. लांबच्या खोलीतील संगणक पहिल्या पट्ट्यावर जोडावा.

संगणकावर करावयाच्या तीन चाचण्या

विंडोज व आर ही बटने एकदम दाबावीत. आलेल्या चौकटीत इंग्रजी अक्षरांत सीएमडी असे लिहून एंटर दाबल्यास काळी खिडकी उघडते. तीत पुढील आज्ञा इंग्रजी अक्षरांत व इंग्रजी अंकांतच द्याव्यात.

१. आयपीकॉन्फिग ही आज्ञा द्यावी. संगणकास मिळालेला पत्ता १६९.२५४ या आकड्यांनी सुरू होत असेल तर राउटरकडून पत्ता मिळालेला नाही असे समजावे. तार किंवा वायफाय पुन्हा जोडावे. पत्ता ठीक असेल तर ‘डीफॉल्ट गेटवे’पुढील आकडे टिपून घ्यावेत, तो राउटरचा पत्ता होय. तो बहुधा १९२.१६८.१.१ असा असतो.

२. पिंग हा शब्द, थोडी जागा व राउटरचा पत्ता असे लिहावे. उत्तर आले तर घरातील जोडणी ठीक आहे. नंतर त्याच रीतीने ८.८.८.८ हा पत्ता द्यावा. राउटरकडून उत्तर येते, पण येथून येत नाही, असे झाल्यास दोष बाहेरील तारेत किंवा कंपनीकडे आहे.

३. ८.८.८.८ कडून उत्तर येते, तरीही एकही संकेतस्थळ नावाने उघडत नाही, असे असल्यास नावावरून पत्ता शोधून देणारी डीएनएस ही सेवा बंद आहे. संगणकाच्या जोडणीत डीएनएसच्या जागी ८.८.८.८ व ८.८.४.४ हे आकडे भरल्यास बहुधा काम सुरू होते.

जुन्या संगणकाबाबत दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. आतील नाण्याएवढा सेल संपला की संगणकाची तारीख मागे जाते व सुरक्षित संकेतस्थळे धोक्याची सूचना देऊन अडतात. तारीख व वेळ दुरुस्त करावी आणि सेल बदलावा. तसेच विंडोज ७ असलेल्या संगणकावर क्रोम हा ब्राउझर २०२३ पासून अद्ययावत होत नाही. म्हणून काही नवी संकेतस्थळे त्यावर नीट उघडत नाहीत.

तक्रार कशी नोंदवावी?

दोष बाहेरचा आहे असे ठरल्यावर कंपनीस कळवावे. ‘नेट चालत नाही’ एवढेच न सांगता कोणता दिवा कोणत्या रंगाचा आहे, केव्हापासून बंद आहे व कोणती चाचणी केली हे सांगावे. त्यामुळे योग्य साहित्य घेऊन माणूस पाठविणे कंपनीस सोपे जाते. तक्रारीचा क्रमांक अवश्य लिहून ठेवावा. दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या २०१२ च्या विनियमांनुसार निवारण न झाल्यास कंपनीच्या अपील प्राधिकाऱ्याकडे दाद मागता येते.

आपण होऊन फोन करून दुरुस्तीची बतावणी करणाऱ्या अनोळखी माणसास ओटीपी सांगू नये व त्याच्या सांगण्यावरून कोणतेही ॲप संगणकात किंवा मोबाईलमध्ये घेऊ नये. फसवणूक झाल्यास १९३० या क्रमांकावर विनाविलंब कळवावे.

दोष टाळण्याचे उपाय

विजांचा कडकडाट सुरू होताच पेटीचा व संगणकाचा प्लग काढून ठेवावा. वीज वरचेवर जात असल्यास राउटरसाठी मिळणारा लहान यूपीएस घ्यावा. तातडीच्या वेळी मोबाईलच्या हॉटस्पॉटवर संगणक जोडून अर्ज भरता येतो. ही रीत आधीच करून पाहावी. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे अर्ज मुदतीच्या आठ-दहा दिवस आधीच भरावा व पोचपावती जपून ठेवावी.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी खरिपाच्या सभेत राउटरवरील दिवे व वरील तीन चाचण्या प्रत्यक्ष करून दाखवाव्यात. गावातील चारपाच तरुणांस ही रीत अवगत झाली तरी ऐन मुदतीत होणारी शेतकऱ्यांची धावपळ व खर्च बराच वाचेल.