दमट हवेत वेल्डिंगची तार गंजू नये म्हणून
पावसाळ्यात मुंबई, कोची, विशाखापट्टणम यांसारख्या किनारी शहरांतील कारखान्यांत वेल्डिंगची तार लवकर गंजते. या पोलादी तारेवरील तांब्याचा मुलामा अतिशय पातळ असतो. सापेक्ष आर्द्रता सुमारे ६० टक्क्यांपुढे गेली की गंजण्याचा वेग वाढतो. गंजातील ओलाव्यामुळे वितळलेल्या धातूत हायड्रोजन शिरतो. परिणामी जोडात छिद्रे राहतात. उच्च ताकदीच्या पोलादात तर काही तासांनी वा दिवसांनीही भेगा पडू शकतात. म्हणून काम संपताच तारेचे रीळ यंत्रावरून काढून सिलिका जेलसह हवाबंद पिशवीत किंवा बल्ब लावून उबदार राखलेल्या कपाटात ठेवावे. थंड गोदामातील रिळाचे वेष्टन ते कार्यशाळेच्या तापमानाला आल्यावरच उघडावे, अन्यथा तारेवर दव जमते. गंजलेली तार घासून वापरण्याऐवजी बाद करणेच सुरक्षित ठरते.