मॉनिटर घेताना वरचा नाही, खालचा आकडा बघा

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचणं सोयीचं पडतं, त्यांच्यासाठी हा या भागाचा मजकूर, थोडा साफसूफ करून.

लातूरच्या एका श्रोत्याचा प्रश्न आलाय. पहिल्या नोकरीच्या पगारातून त्यानं थोडे थोडे पैसे बाजूला टाकलेत. घरी आरटीएक्स ३०५० कार्ड आहे. जड गेममध्ये ५० ते ८० एफपीएस मिळतात, पण कॅमेरा फिरवला की चित्र मधोमध फाटल्यासारखं दिसतं. समोर दोन पर्याय आहेत. एक, पुण्यातल्या मित्राचा ७५ हर्ट्झचा जुना मॉनिटर, स्वस्तात. दुसरा, १४४ हर्ट्झचा नवा, खिशाला जड. दोन्हींवर 'फ्रीसिंक' लिहिलंय. तो विचारतो, "मग जास्तीचे पैसे कशाला घालू? की कार्डच बदलू?"

प्रश्न रास्त आहे. आधी हे चित्र फाटतं का, ते बघू.

नांदेडच्या स्टँडवर उभे आहात असं समजा, लोह्याला जायचंय. एसटीची वेळ ठरलेली. तुमच्या घरची माणसं आली, नाही आली, ती आपल्या वेळेला सुटणार. ६० हर्ट्झचा साधा मॉनिटर हा असाच. दर १६.७ मिलिसेकंदाला तो पडदा नव्याने रंगवतो. पण ग्राफिक्स कार्डाला प्रत्येक चित्राला सारखाच वेळ लागत नाही. मोकळ्या रस्त्याचं चित्र १२ मिलिसेकंदात होतं, स्फोटाच्या सीनला २२ लागतात. पडदा वरून खाली रंगवला जात असताना मध्येच नवं चित्र येऊन पडलं, की वर जुनं आणि खाली नवं दिसतं. हेच ते फाटणं, टिअरिंग.

व्ही-सिंक चालू केलं तर फाटणं थांबतं. पण मग चित्राला थोडाही उशीर झाला की ते पुढच्या एसटीची वाट बघत बसतं. तोवर पडद्यावर जुनंच चित्र. त्यामुळे गेम अडखळतो आणि माऊसही जड वाटायला लागतो.

आता एसटीऐवजी काळी-पिवळी घ्या. घरची सगळी माणसं बसली की गाडी सुटली. वेळापत्रकच नाही. अ‍ॅडॅप्टिव्ह रिफ्रेश रेट म्हणजे एवढंच: कार्डाचं चित्र पूर्ण झालं की मॉनिटर त्याच क्षणी पडदा रंगवतो. ६३ एफपीएस असेल तर ६३ हर्ट्झ, ७१ असेल तर ७१. एक मात्र लक्षात ठेवा, यानं एफपीएस वाढत नाहीत. आहेत तेच गुळगुळीत दिसतात.

नावांचा घोळ थोडक्यात सोडवू. एनव्हीडियानं २०१३ मध्ये जी-सिंक आणलं, त्यासाठी मॉनिटरमध्ये त्यांचं वेगळं हार्डवेअर लागायचं, म्हणून मॉनिटर महाग. २०१४ मध्ये व्हेसा या मानकं ठरवणाऱ्या संस्थेनं डिस्प्लेपोर्टमध्ये अ‍ॅडॅप्टिव्ह-सिंक घातलं आणि त्याच पायावर एएमडीचं फ्रीसिंक २०१५ मध्ये बाजारात आलं. जानेवारी २०१९ मध्ये एनव्हीडियानंही जीटीएक्स १० मालिकेपासून पुढच्या कार्डांना असे मॉनिटर चालवायची मुभा दिली. म्हणजे आज एनव्हीडियाचं कार्ड असलं तरी फ्रीसिंकचा मॉनिटर घ्यायला हरकत नाही.

पण काळी-पिवळीवाला तरी किती वेळ थांबेल? मॉनिटरलाही मर्यादा असते, तिला रेंज म्हणतात. बऱ्याच ७५ हर्ट्झच्या मॉनिटरांची रेंज ४८ ते ७५ असते. एफपीएस ४२ वर घसरले की सगळा खेळ बंद, पुन्हा फाटणं किंवा अडखळणं. आणि मदतीची खरी गरज तर तेव्हाच असते!

इथे १४४ हर्ट्झचा फायदा होतो. वरचा आकडा खालच्याच्या निदान दुप्पट असेल तर एक युक्ती चालते, तिला लो फ्रेमरेट कॉम्पेन्सेशन, एलएफसी म्हणतात. ४८ ते १४४ च्या मॉनिटरवर ४० एफपीएस आले, तर तेच चित्र दोनदा दाखवून पडदा ८० हर्ट्झवर चालवला जातो. ४८ ची दुप्पट ९६, त्यामुळे ७५ वाल्याला हे जमत नाही. म्हणून खोक्यावरचा मोठा आकडा बघून भुलू नका. कंपनीच्या साइटवर रेंज शोधा आणि खालचा आकडा किती ते बघा. फ्रीसिंक प्रीमियम लिहिलेलं असेल तर एलएफसी असतंच.

आता त्या जुन्या मॉनिटरची दुसरी अडचण. आपल्या श्रोत्यानं मागच्या बाजूचा फोटो पाठवलाय. त्यात एचडीएमआय आणि व्हीजीए, दोनच पोर्ट. अशा जुन्या मॉनिटरांचं एचडीएमआयवरचं फ्रीसिंक ही एएमडीची स्वतःची सोय आहे, एनव्हीडियाच्या कार्डाला ती वापरता येत नाही. म्हणजे आरटीएक्स ३०५० ला तो नुसता ७५ हर्ट्झचा साधा मॉनिटर. स्वस्त मिळाला तरी फाटणं तसंच राहणार.

तर माझं उत्तर: कार्ड राहू द्या, १४४ चा घ्या, डिस्प्लेपोर्टनं जोडा. ५० ते ८० एफपीएस या रेंजमध्ये आरामात बसतात आणि उद्या कार्ड बदललं तरी मॉनिटर कामाचा राहतो. पण ज्यांना फक्त व्हॅलोरंटसारखे हलके गेम खेळायचेत आणि एफपीएस कायम दोनशेच्या आसपास असतात, त्यांना याचा फरक फार जाणवणार नाही. त्यांनी जास्त हर्ट्झ बघावेत. पीएस५ वाल्यांनी एचडीएमआय २.१ चा व्हीआरआर आहे का ते विचारा, पीएस५ ला दुसरं काही चालत नाही.

पॅनेलचंही बघा. व्हीए पॅनेलवर काळा रंग छान खोल दिसतो, पण एफपीएस वरखाली होताना अंधाऱ्या सीनमध्ये कधी कधी उजेड लुकलुकतो. आयपीएसवर हा त्रास सहसा कमी.

आपल्याकडचा मुद्दा राहिलाच. नांदेडची बरीच मंडळी सिकंदराबादच्या सीटीसी मार्केटला जातात, लातूरची पुण्याला. भाव चांगला मिळतो, पण वॉरंटीत मॉनिटर न्यायला घरी कोण येणार? पैसे देण्याआधी कंपनीच्या कस्टमर केअरला फोन लावून आपला पिनकोड सांगा, ४१३५१२ असो की ४३१६०१, आणि ऑनसाइट सर्व्हिस आहे का विचारा. नाही म्हणाले तर खोकं आणि थर्माकोल माळ्यावर जपून ठेवा.

घरी आणल्यावर तीन कामं. मॉनिटरच्या स्वतःच्या मेनूत अ‍ॅडॅप्टिव्ह-सिंक चालू करा, पुष्कळदा ते बंदच येतं. मग कार्डाच्या सॉफ्टवेअरमध्ये चालू करा आणि विंडोजमध्ये १४४ हर्ट्झ निवडा, नाहीतर वर्षभर ६० वरच खेळत बसाल. शेवटी गेममध्ये एफपीएसची मर्यादा १४० ठेवा, म्हणजे वरची हद्द ओलांडली जाणार नाही. चालू आहे का हे बघायला मॉनिटरच्या मेनूतला रिफ्रेश रेटचा आकडा बघा. बऱ्याच मॉनिटरमध्ये तो असतो. गेम खेळताना आकडा सारखा हलत असेल, तर पैसे वसूल.

तुमच्याकडचं कार्ड, मॉनिटरचं मॉडेल आणि मागच्या पोर्टचा फोटो पाठवा, पुढच्या भागात आणखी काही जोड्या बघू. तोवर, राम राम!