जॅक पेटीत जाण्याआधी

चौल एकेकाळी मोठं बंदर होतं. आज रायगडातून माल परदेशी जातो तो १९८९ साली सुरू झालेल्या न्हावाशेवा बंदरातून. त्यातली एकच वस्तू आज आपण पाहू, गॅरेजमधला हायड्रॉलिक ट्रॉली जॅक.

पंपाच्या पिस्टनपेक्षा उचलणाऱ्या पिस्टनचं क्षेत्रफळ दहापट असेल, तर त्यावरचा जोरही दहापट होतो. हा पास्कलचा नियम. पण सील गळकं असेल तर गाडी हळूहळू खाली बसते, आणि खाली मेकॅनिक असू शकतो. (स्टँड लावल्याशिवाय खाली जायचंच नाही, हे वेगळं सांगायला नको.) म्हणून पूर्ण क्षमतेचं वजन उचलून, काही वेळ तसंच धरून बघायचं. नुसता रिकामा जॅक वरखाली करणं म्हणजे तपासणी नव्हे! जादा भाराचा व्हॉल्व्ह उघडतो का, तेही पाहायचं. दांडा मारताना स्पंजासारखा लागला तर आत हवा आहे, ती काढायची.

मग पॅकिंग. हात पूर्ण खाली, रिलीज व्हॉल्व्ह घट्ट, तेलाचं बूच पक्कं. पिस्टन बाहेर राहिला तर खाऱ्या दमट हवेत त्यावर गंज धरतो, आणि तोच खरबरीत पृष्ठभाग पुढे सील कापतो. कंटेनरमध्ये रात्री गारव्याने छताला पाणी सुटतं, त्यामुळे गंजरोधक कागद आणि ओलावा शोषणाऱ्या पुड्या हव्यातच. जॅक आडवा होऊ नये, नाहीतर हवा पंपात शिरते. लाकडी पेटीचं लाकूड गाभ्यापर्यंत ५६ अंश सेल्सिअसला ३० मिनिटं तापवून शिक्का मारलेलं असावं. बहुतेक देश त्याशिवाय ती आत घेत नाहीत.