वजन उचलण्याआधीची चौकशी

गंगावेश, मोतीबाग, शाहूपुरी अशा कोल्हापूरच्या तालमींत वस्ताद नव्या पोराला पहिल्याच दिवशी तयार पैलवानाशी भिडवत नाही. आधी जोर-बैठका, मग लढती. रोज डोळ्यांसमोर वाढणाऱ्या पोरासाठी वस्तादाची नजर पुरते. जिममध्ये मात्र पंचेचाळिशीचा, दिवसभर खुर्चीत बसणारा, कदाचित रक्तदाबाची गोळी घेणारा माणूस येतो आणि त्याचं शरीर ट्रेनरला पूर्ण अनोळखी असतं. म्हणून पहिल्या सेटआधी प्रश्न विचारलेच पाहिजेत. ‘अमेरिकन कॉलेज ऑफ स्पोर्ट्स मेडिसिन’ने २०१५ साली या चौकशीचे निकष सुटसुटीत केले: सध्या नियमित व्यायाम होतो का, हृदयविकार, मधुमेह किंवा मूत्रपिंडाचा आजार आहे का, छातीत दुखणं, धाप लागणं अशी लक्षणं आहेत का आणि व्यायाम किती जोराचा करायचा आहे.

एवढ्या चौकशीने गिऱ्हाईक पळेल, हा आक्षेप अगदीच खोटा नाही. जुन्या नियमांमुळे धडधाकट माणसंही विनाकारण डॉक्टरांकडे पाठवली जात. ते टाळण्यासाठीच निकष बदलले. आजार नाही, लक्षणं नाहीत, तर हलक्या-मध्यम व्यायामाने खुशाल सुरुवात करावी. छातीत दुखतं म्हणणाऱ्याला मात्र ट्रेडमिलवर चढवायचं नाही, डॉक्टरांकडेच धाडायचं. मग हालचाल बघावी. रिकाम्या हाताने बैठक मारताना टाचा उचलल्या जात असतील, गुडघे आत वळत असतील, तर खांद्यावर बार ठेवायची वेळ अजून आलेली नाही. शिवाय वजन उचलताना श्वास कोंडला की रक्तदाब झपाट्याने चढतो. जोर लावताना श्वास सोडायला शिकवणं हे पहिल्याच आठवड्याचं काम.