न जमणाऱ्यांचा मेळ

जव्हारजवळचं शिरपामाळ आपल्याला ठाऊक असतं ते १६६४ च्या सुरत स्वारीमुळे. वाटेत शिवाजी महाराज इथे थांबले आणि जव्हारच्या विक्रमशहा राजांनी त्यांना शिरपेच दिला, अशी आठवण सांगतात. पण मंडळी, मला आज या परिसरातल्या एका साध्या वस्तूविषयी बोलायचं आहे. ती म्हणजे प्लास्टिकचा हंडा.

जव्हार-मोखाड्यात आषाढात धो धो पाऊस, आणि चैत्र-वैशाखात बायका हंडे घेऊन टेकड्या चढताहेत. पितळेपेक्षा प्लास्टिक हलकं, स्वस्त. मात्र भेसळीच्या प्लास्टिकचा हंडा अर्ध्या चढणीवर तडकला तर सगळी खेप वाया. तो तडकतो का?

पाण्याची रिकामी बाटली घ्या. बाटली एका प्लास्टिकची, झाकण दुसऱ्याच. दोन्हींचा चुरा पाण्यात टाकला तर बाटलीचा तळाशी जातो, झाकणांचा तरंगतो. पण झाकणं काही पॉलिएथिलीनची, काही पॉलिप्रॉपिलीनची. दोन्ही तरंगतात, त्यामुळे ही निवड पुढे अवघड होते. मग दोन्ही एकत्र वितळवतात. दिसायला एकजीव, आतून मात्र फारकत. प्लास्टिकचा रेणू म्हणजे हजारो कड्यांची साखळी. प्रत्येक कडीची दुसऱ्याविषयीची नावड किंचितच, पण हजारोंनी गुणली की मोठी होते. मग एकाचे थेंब दुसऱ्यात वेगळे राहतात आणि त्यांच्या सीमेवरून तडा धावतो.

यावरचा उपाय म्हणजे कंपॅटिबिलायझर. आपण त्याला ‘मेळक’ म्हणू. शब्द माझा, शब्दकोशात शोधू नका. साबणाचं एक टोक तेलाकडे, दुसरं पाण्याकडे असतं, तसा हा. याच्या साखळीचा एक भाग एका प्लास्टिकशी जमणारा, दुसरा दुसऱ्याशी. घरात दखनी आणि दारात मराठी बोलणाऱ्या माझ्यासारख्याला हा प्राणी लगेच ओळखीचा वाटला. तो सीमेवर जाऊन बसतो. थेंब बारीक होतात, पुन्हा एकमेकांत मिसळून मोठे होत नाहीत, आणि साखळ्या दोन्हीकडे गुंतल्याने माल तुटण्याआधी ताणला जातो, धक्का सोसतो. २०१७ मध्ये अमेरिकेतल्या कॉर्नेल आणि मिनेसोटा विद्यापीठांच्या संशोधकांनी नेमक्या या दोन प्लास्टिकांसाठी असा मेळक तयार केला. तो अगदी थोडा घातला तरी ठिसूळ मिश्रण चिवट झालं.

भाताचं तूस किंवा बांबूचे धागे प्लास्टिकमध्ये घालतात, तिथेही हीच अडचण. तूस पाण्याशी मैत्री करणारं, प्लास्टिक तेलकट. मेळकाविना तूस नुसती भर घालतं, कधी माल कमकुवतही करतं. मॅलिइक अनहायड्राइड जोडलेलं पॉलिप्रॉपिलीन घातलं की ते एकीकडे तुसाला रासायनिक बंधाने धरतं, दुसरीकडे प्लास्टिकमध्ये गुंततं. भार धाग्यांपर्यंत पोचतो, ताकद वाढते, माल पाणी कमी शोषतो. ताठपणा मात्र फारसा बदलत नाही. वारली चित्रासाठी तांदळाच्या पिठीत डिंक घालतात, तोही पिठीला भिंतीशी धरून ठेवतो. तिथे हे रसायन नाही, काम मात्र त्याच जातीचं.

एकच मेळक सगळ्यांना चालत नाही. जोडी बदलली की तोही बदलतो. जास्त घातला तर त्याचे रेणू सीमा सोडून आपसातच घोळके करतात, आणि पैसे फुकट. शिवाय भंगारापेक्षा तो महाग, म्हणून स्वस्त मालात त्याला टाळण्याचा मोह होतो. महाराष्ट्रात २०१८ मध्ये प्लास्टिकच्या कित्येक वस्तूंवर बंदी आली, पण बाटल्या आणि झाकणं राहिलीच. त्यामुळे माझ्या मते आधी प्रतवारी, आणि वेगळं करता येणार नाही तेवढ्यापुरताच मेळक.